स्लोव्हेनियात सात दिवस: गाडी भाड्याने घ्यावी की बसने फिरावे?

जावळीचा मधपाळ (सातारा)

नमस्कार. मी आणि माझी पत्नी, दोघेही साठीच्या आसपासचे, येत्या मे महिन्यात म्युनिकला मुलीकडे जात आहोत. एकूण मुक्काम पाच आठवड्यांचा असून त्यातले सात दिवस स्लोव्हेनियासाठी बाजूला ठेवले आहेत. घरामागे मी गेली काही वर्षे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो, आणि 20 मे हा जागतिक मधमाशी दिन ज्या देशाच्या पुढाकाराने पाळला जाऊ लागला, तो देश एकदा पाहावा अशी फार दिवसांची इच्छा आहे. एका प्रवास कंपनीकडे चौकशी केली, तर त्यांनी या देशाला दीड दिवस दिला: सकाळी ब्लेडचे सरोवर, दुपारी पोस्टोइनाची गुहा आणि रात्री थेट व्हेनिस.

माझे प्रश्न असे. घाटात गाडी चालवण्याचा तीस वर्षांचा सराव असला, तरी रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी चालवलेली नाही. अशा वेळी भाड्याची गाडी घेणे शहाणपणाचे ठरेल का? पत्नी पूर्ण शाकाहारी आहे, तिची सोय होईल का? आणि व्हिसासाठी अर्ज स्लोव्हेनियाकडे करावा की जर्मनीकडे?

मिरज जंक्शन (सांगली)

काका, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे एकच व्हिसा पुरतो, आणि ज्या देशात जास्त दिवस मुक्काम असतो त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. आपले चार आठवडे म्युनिकमध्ये जाणार असल्याने अर्ज जर्मनीकडेच करावा लागेल. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. किमान 30,000 युरोचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते आणि ते सर्व शेंगेन देशांत लागू असले पाहिजे. अर्जात स्लोव्हेनियातील मुक्कामाची आरक्षणेही जोडावीत, म्हणजे कार्यक्रमात विसंगती दिसणार नाही. चलनाचाही प्रश्न नाही, कारण तेथे 2007 पासून युरोच चालतो.

म्युनिकहून जाताना विमानाच्या फंदात पडू नये. साल्झबुर्ग आणि फिलाख या मार्गाने ल्युब्ल्यानाला जाणारी रेल्वे साधारण सहा तास घेते आणि वाटेत लेस्त्से-ब्लेड स्थानकावर थांबते. हे स्थानक ब्लेडच्या सरोवरापासून चारेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे राजधानीपर्यंत जाऊन मागे फिरण्याची गरज उरत नाही.

कृष्णाकाठ (वाई)

आम्ही दोघे दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये नऊ दिवस तेथे होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

हा देश नकाशावर इतका लहान दिसतो की प्रवास कंपन्यांना तो दीड दिवसात उरकण्यासारखा वाटतो. क्षेत्रफळ 20,273 चौरस किलोमीटर, म्हणजे आपले सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्याहून थोडेसेच अधिक. लोकसंख्या मात्र सुमारे 21 लाख, म्हणजे या दोहोंपैकी कोणत्याही एका जिल्ह्यापेक्षा कमी. परंतु सातारा ते महाबळेश्वर हे अंतर किलोमीटरमध्ये मोजणाऱ्याचा जो अंदाज चुकतो, तोच येथेही चुकतो. अर्ध्याहून अधिक भूमी जंगलाखाली आहे आणि वायव्येला ज्युलियन आल्प्स उभे आहेत. त्यांतील 2,864 मीटर उंचीचे त्रिग्लाव शिखर देशाच्या ध्वजावरच्या राजचिन्हात आहे. डोंगराच्या एका बाजूचे गाव दुसऱ्या बाजूने गाठायला दिवस जातो, आणि तो जावा म्हणूनच तेथे जायचे असते.

माझा सल्ला असा की मुक्काम ब्लेडमध्ये न करता राडोव्ह्लित्सा या जुन्या गावात करावा. ते ब्लेडपासून सुमारे सात किलोमीटरवर आहे, रेल्वे आणि बस दोन्ही तेथे थांबतात, आणि आपल्यासाठी मुख्य आकर्षण म्हणजे तेथील मधमाशीपालनाचे संग्रहालय. त्यात लाकडी पेट्यांच्या दर्शनी फळ्या जपून ठेवल्या आहेत, ज्यांवर शेतकरी धार्मिक कथा आणि गावातल्या गमतीजमती रंगवीत असत. शिकाऱ्याची अंत्ययात्रा काढणारे प्राणी पाहून आमचे हे बराच वेळ हसत होते. याच परिसरातील ब्रेझ्नित्सा गावचा आंतोन यान्शा हा अठराव्या शतकात मारिया तेरेसा या सम्राज्ञीच्या काळी व्हिएन्नात मधमाशीपालन शिकवत असे. 20 मे ही तारीख त्याच्याच स्मरणार्थ निवडली गेली आणि संयुक्त राष्ट्रांनी 2017 मध्ये तिला मान्यता दिली. तेथील करड्या रंगाची कार्निओलन माशी शांत स्वभावाची म्हणून प्रसिद्ध आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघरला मधाचे गाव म्हणून मान मिळाला, तेव्हा मला या संग्रहालयाचीच आठवण झाली होती.

ब्लेडचे बेट, तेथे नेणारी वल्ह्यांची प्लेत्ना नाव आणि चर्चकडे चढणाऱ्या 99 पायऱ्या हे सारे सुंदर आहेच, पण त्यासाठी अर्धा दिवस पुरे. उरलेला वेळ बोहिनला द्यावा. ते सरोवर ब्लेडहून मोठे, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आणि कितीतरी निवांत आहे; ब्लेडहून थेट बस मिळते.

जेवणाबद्दल सांगायचे तर "ब्रेझ मेसा", म्हणजे "मांसाशिवाय", हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. पनीरासारख्या ताज्या चीजचे किंवा अक्रोडाचे सारण भरलेले श्त्रुक्ली मिळतात. कुट्टूच्या पिठाची उकड असते, तिला आयदोवी झ्गांत्सी म्हणतात. मात्र तिच्यावर बहुधा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, म्हणून ते नको असे आधीच सांगावे लागते. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे.

घाटरस्ता (सातारा)

गाडीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. सातही दिवस गाडी घेण्याची गरज नाही हे खरे, परंतु व्र्शिच घाट आणि सोचा नदीचे खोरे यांसाठी दोन दिवस जरूर घ्यावी. हा घाट 1,611 मीटर उंचीवरून जातो, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराला जवळजवळ टेकतो. दोन्ही बाजूंची मिळून 50 वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी आहे. क्रान्स्का गोरा या गावाकडून चढताना वळणांवर दगडी फरशी आहे, ती पावसात निसरडी होते. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला गेला. मार्च 1916 मध्ये हिमकडा कोसळून त्यांतले अनेक जण गाडले गेले. त्यांच्या स्मरणार्थ बांधलेले छोटे लाकडी चर्च वाटेतच आहे. पलीकडे कोबारिडला सोचाकाठच्या लढायांचे संग्रहालय आहे. अपशिंगे मिलिटरीसारखी सैनिकांची गावे ज्या जिल्ह्यात आहेत तेथल्या माणसाने ते चुकवू नये.

उजव्या बाजूची सवय पहिल्या तासाभरात होते. चूक होते ती पेट्रोल भरून पुन्हा रस्त्यावर येताना, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. दिवसाही दिवे चालू ठेवणे बंधनकारक आहे. महामार्गासाठी ई-विनिएट, म्हणजे ठरावीक मुदतीचा ऑनलाइन टोल-परवाना, लागते. गाडी स्लोव्हेनियातच घेतली तर ती बहुधा आधीच भरलेली असते, तरी विचारून घ्यावे. मे महिन्यात घाटमाथ्यावर बर्फ असू शकतो, म्हणून निघण्याच्या दिवशी रस्ता खुला असल्याची खात्री करावी. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना साताऱ्याच्या आरटीओ कार्यालयातून निघण्यापूर्वीच काढावा. मूळ परवानाही सोबत लागतो.

मिरज जंक्शन (सांगली)

एक पुरवणी. पोस्टोइनाऐवजी श्कोत्सियानच्या गुहांचा विचार करावा. पोस्टोइनात छोटी रेल्वे आत घेऊन जाते, त्यामुळे गुडघ्यांना त्रास कमी. श्कोत्सियानमध्ये शेकडो पायऱ्या आहेत, पण जमिनीखाली गडप झालेली रेका नदी खोल दरीत वाहताना वरच्या पुलावरून दिसते. आपल्याकडे बेसाल्ट असल्याने लेणी कोरावी लागली. तेथे चुनखडक पाण्यात विरघळून गुहा आपोआप तयार झाल्या. अशा भूरूपाला जगभर वापरला जाणारा "कार्स्ट" हा शब्दही तिथल्याच क्रास पठाराच्या नावावरून आला. आत उन्हाळ्यातही थंडी असते, स्वेटर न्यावा.

मी संस्कृत शिकवत असे, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: स्लोव्हेनियन भाषेत द्विवचन अजून जिवंत आहे. "आम्ही दोघे" यासाठी त्यांच्याकडे "मिडवा" असा स्वतंत्र शब्द आहे, तेव्हा खाणावळीत टेबल मागताना तो वापरून पाहावा.

जावळीचा मधपाळ (सातारा)

सर्वांचे आभार. आता असे ठरवले आहे: राडोव्ह्लित्सात चार रात्री, त्यात 20 तारीख, मग दोन दिवस गाडी घेऊन व्र्शिच आणि कोबारिड, शेवटची रात्र ल्युब्ल्यानात. पत्नीच्या गुडघ्यांचा विचार करून गुहा पोस्टोइनाचीच घ्यावी लागेल, परंतु ती शेवटच्या दिवशी ल्युब्ल्यानाहून बसने करू. जर्मनीच्या व्हिसासाठी कागदपत्रे या आठवड्यात गोळा करायला घेतो.