सोमाली भाऊबंद आणि सुरतेला गेलेलं आमचं घर

चोपड्याचा पाटील (सध्या नैरोबी)

मंडळी, मी इथं ईस्टलीत कापडाच्या ठोक दुकानात हिशोब पाहतो. हा सगळा भाग सोमाली लोकांचा. माझ्यासोबतचा पोरगा केनियातल्याच गारिसाचा, दारोद कुळातल्या ओगादेन शाखेचा. मागे त्याला फोन आला, सोमालियात किसमायोकडं त्यांच्यातल्या एका ड्रायव्हरच्या ट्रकखाली माणूस गेला. ड्रायव्हरला यानं जन्मात पाहिलेलं नाही, देशही दुसरा. तरी गड्यानं उभ्या उभ्या मोबाईलच्या एम-पेसावरून पैसे पाठवले. "कोण लागतो तुझा?" विचारलं, तर बापापासून धरून नावं म्हणायला लागला. सहाव्या नावावर थांबला, म्हणाला, इथं आम्ही एक होतो. पुढची पण येतात, वीसेक.

मला पणजोबाच्या वर नाव येत नाही. आजोबांचे चुलतभाऊ सुरतेला लूमवर गेले. आधी कानबाईच्या रोटाला, म्हणजे देवीच्या नावानं भाऊबंद मिळून जेवतात त्याला, यायचे, मग शेताच्या वाटणीवरून काहीतरी बिनसलं आणि येणं बंद. त्यांची पोरं कुठं आहेत, गावात कोणी सांगत नाही. या सोमालींचं टिकतं कसं? आणि आपल्याकडं तुटलेलं घर शोधायचं तर कुठून सुरू करू?

यावलचे गुरुजी

आम्हा लेवा पाटीदारांत भाट वही घेऊन यायचे. घरात मुलगा झाला की नाव चढवायचं, दक्षिणा घ्यायची, जुनी नावं वाचून दाखवायची. तुमच्यात भाट नसतील तर त्र्यंबकेश्वरला जा. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडं आडनाव आणि गावाप्रमाणे नामावळ्या असतात. घरातलं कोणी श्राद्धाला किंवा नारायण नागबळीला गेलं असेल तर नोंद सापडते. फक्त "पाटील" सांगू नका, अर्धा खानदेश निघेल. मूळ गाव सांगा.

धुळ्याचे नाना (निवृत्त, मर्चंट नेव्ही)

सोमाली किनाऱ्यावर बेरबेरा बंदरात आमचं जहाज लागायचं. बकऱ्या-मेंढ्या भरून सौदीला जायचो, त्यामुळं या लोकांशी बोलणं झालं.

ती नावांची यादी म्हणजे त्यांचा सातबारा. अब्तिर्सी म्हणतात. लहानपणीच पाठ करून घेतात, बापाकडून वर वर. अगदी वरची नावं अरबस्तानातल्या पूर्वजापर्यंत नेतात, ती इतिहासकार खरी धरत नाहीत. पण खालची नावं रोजच्या वापरातली. तुमचा मित्र सहाव्या नावावर थांबला ते उगाच नाही. साधारण चार ते आठ पिढ्यांपर्यंतचे भाऊबंद मिळून 'मग' भरतात, म्हणजे जिवाची भरपाई. रिवाजाप्रमाणे पुरुषाला शंभर उंट, बाईला पन्नास. आता बऱ्याच ठिकाणी पैशांत हिशोब होतो. एकट्याच्या बापजन्मात फिटायचं नाही, म्हणून सगळ्यांची वर्गणी. आज तू माझी भर, उद्या मी तुझी. टिकतं ते यामुळं. प्रेमानं म्हणाल तर भाऊबंद तिथंही कमी भांडत नाहीत, 1991 नंतरचं यादवी युद्ध सगळ्यांना माहीत आहे.

फाटाफूट त्यांच्या वाट्याला आपल्यापेक्षा जास्त आली. ब्रिटिश, इटालियन, फ्रेंच, इथिओपिया, केनिया अशा पाच वाटण्या झाल्या. झेंड्यावरच्या ताऱ्याची पाच टोकं त्याचीच. हार्ती शाखेचे लोक बघा, उत्तरेला पुंटलँडमध्ये आणि पार दक्षिणेला किसमायोत. मध्ये केवढा मुलूख! तरी नाव निघालं की ओळख पटते.

सोमालियात लष्करातल्या सियाद बरेनं 1969 मध्ये सत्ता घेतल्यावर कुळाचं नाव काढायलाच बंदी केली. लोकांनी "तुझं माजी कुळ कोणतं?" असं विचारायला सुरुवात केली म्हणतात! आणि 2000 साली जिबूतीत आर्ता इथं परिषद भरली, तिच्यात संसदेच्या जागाच कुळावर वाटल्या. मोठ्या चार कुळांना सारखा वाटा, बाकीच्या सगळ्यांना मिळून त्यातल्या एका वाट्याचा अर्धा. गाबोये म्हणून चामड्याचं, लोखंडाचं काम करणारे लोक आहेत, त्यांच्यात मोठी कुळं सोयरीक करत नाहीत. हे वाचून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

एक वेगळी गोष्ट. एखादी शाखा दूर गेली, कमजोर पडली, की तिथल्या बलवान कुळाचं नाव लावून त्यांच्यात राहते. शेगाद म्हणतात. पिढ्या गेल्या, अंगात बळ आलं, की कधी कधी आपलं मूळ नाव पुन्हा सांगायला लागते. तेव्हा पाटील, तुमचे सुरतवाले आता कोणत्या भाऊबंदांत रोट करतात ते आधी विचारा.

लिंबायतची माय

भाऊ, आम्ही आठेच शेतस! सुरतेच्या लिंबायत-उधन्यात श्रावणात कानबाई निघते, बघायला या. नाना बरोबर बोलले. आमच्या गल्लीत दोन घरं अशी आहेत की गावच्या भाऊबंदांनी टाकली, मग दुसऱ्यांच्या रोटात बसवून घेतली. देवक जुळलं, बस झालं.

रोटासाठी घरातल्या पुरुषांच्या नावानं माणशी सव्वा मूठ गहू घेतात ना, ती नावं मोजणारी म्हातारी गाठा. तिला सगळी शाखा पाठ असते, गावात नसलेल्या पोरांसकट. माझं नाव मात्र माहेरच्याही मुठीत नाही आणि सासरच्याही. नाना, तिकडं बाईचं काय?

धुळ्याचे नाना

लग्नानंतरही ती बापाच्याच कुळाची राहते, नाव बदलत नाही. दोन कुळांत तंटा झाला की अशा बायकांची घरं मध्ये सापडतात, पण निरोप जायला वाटही तीच असते.

चोपड्याचा पाटील

नाना, मित्राला वाचून दाखवलं. शेगादचं ऐकून हसला आणि विषय बदलला, काय समजायचं ते समजलो.

माय, देवक आणि मूळ गाव तुम्हाला निरोपात पाठवतो, इथं उघड टाकत नाही. म्हातारी म्हणाल तर दोंडाईच्याला आत्या आहे, नव्वदीला टेकलेली. वाटणीच्या भांडणात ती कोणाच्याच बाजूला नव्हती, सुरतेच्या वहिनीला तिचे फोन जायचे असं आई सांगते. रविवारी आईला तिच्याकडं बसवतो आणि फोन लावून नावं लिहून घेतो. आणि कोणी सांगा, सापडले तर पहिल्यांदा रोटाचं आवतण आपण द्यायचं की आधी वाटणीचं बोलायचं? वडील म्हणतात आधी वाटणी.