छोटी निर्मितीसंस्था वाढते तेव्हा : आपले अनुभव लिहा

चित्रपट आणि मालिका करणारी स्वतंत्र संस्था वाढते म्हणजे आत नेमके काय घडते, हे त्यात राबलेल्यांनीच लिहावे, म्हणून हा धागा काढला आहे. सुरुवात मी करते.

१९९४ मध्ये मी दादरच्या दोन खोल्यांतल्या एका संस्थेत रुजू झाले. दूरदर्शनच्या प्रायोजित कार्यक्रमासाठी तेव्हा निर्माताच प्रसारण शुल्क भरत असे आणि वाट्याला आलेला जाहिरातींचा वेळ स्वतः विकत असे. जाहिरातदार मिळाला नाही की दागिने गहाण पडत. मात्र टेप आमच्या कपाटात राहत आणि हक्कही आमचेच असत. १९९९ पासून खासगी मराठी वाहिन्या आल्या, दर भागाची रक्कम ठरून मिळू लागली, जाहिरातींसाठीची वणवण संपली आणि दोन वर्षांत आम्ही आठांचे चाळीस झालो. हक्क वाहिनीकडे जातील हे कलम आम्ही वाचूनच सही केली होती. आमची मालिका दुसऱ्या भाषेत गेली आणि आमच्या हाती काहीच आले नाही, तेव्हा त्या कलमाचे वजन कळले.

हिशेबनीस
मी एका मालिकेचे हिशेब पाहत होतो. जनरेटर, जेवण, स्पॉटदादांची रोजंदारी हे पैसे लगेच द्यावे लागतात. वाहिनीकडून बिलाची रक्कम आमच्या करारानुसार ६० दिवसांनी येई. जुलै २०१७ पासून, रक्कम जमा झालेली नसली तरी, बिलावरचा जीएसटी मुदतीत भरणे आले. दुसरी मालिका मिळाली त्या दिवशी पेढे वाटले गेले, आणि मी मात्र दुप्पट खेळते भांडवल कोठून आणायचे या काळजीत होतो. नव्या कामाच्या पैशांतून जुनी देणी भागवू नयेत, असे मी मालकांना विनवले होते. तेच घडले, पहिली मालिका टीआरपीअभावी बंद झाली आणि कर्ज फेडण्यात चौदा महिने गेले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक मालिकेचे बँक खाते वेगळे ठेवतो, आणि हे पहिल्या दिवसापासून करायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

सहायक दिग्दर्शिका
एप्रिल २०२१ मध्ये राज्यात चित्रीकरण थांबले, म्हणून आमचे युनिट गोव्यात गेले. मे महिन्यात तेथीलही परवानगी रद्द झाली, तेव्हा आमच्याकडे तयार भागांची बँक अवघी चार भागांची होती. भाग नाही तर बिल नाही. मोठ्या संस्था तो काळ दुसऱ्या कामांवर निभावून नेऊ शकल्या. आमच्याकडे दुसरे काम नव्हते.

कोल्हापूरकर
ताई, आम्ही तिघे संस्थांसाठी माहितीपट करतो. पाच वर्षांत दोनच माणसे वाढवली. मूळ चित्रीकरण आमच्याकडे राहील, हे कलम मात्र प्रत्येक करारात घालतो, आणि त्यापायी दोन कामे गमावली आहेत. त्याच साठवलेल्या चित्रीकरणातून ऊसतोड कामगारांवरचा आमचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट सध्या एडिटवर आहे.