पेरूची दारू पेरूपासून होत नाही, आत्या

ग्रुप: वाड्याबाहेरचे सगळे
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

शैलाआत्या (६:०४): 🙏 अंगारकीच्या सर्वांना शुभेच्छा. आज चंद्रोदय रात्री सव्वानऊच्या सुमारास.

श्रीकाका (६:११): [फोटो]

श्रीकाका: चिअर्स मंडळी! मुक्कामपोस्ट लिमा. समोर पॅसिफिक आहे म्हणतात, धुक्यात दिसत नाही. ग्लासात पिस्को सार. पिस्को म्हणजे इथली, पेरूची दारू.

निखिल, दिंडोरी: काका, सार नाही, सावर 😄 सार टोमॅटोचं.

शैलाआत्या: दादा! अंगारकीला? आणि श्रावणात?

श्रीकाका: शैला, इथे अजून सोमवार आहे. संध्याकाळचे पावणेआठ. तुझी अंगारकी इकडे पोचायला चार तास आहेत.

शैलाआत्या: सोमवार असेल तर श्रावणी सोमवार आहे. ती काय सूट झाली?

रोहन: काका क्लीन बोल्ड

श्रीकाका: मुक्ता, तू बोल हिच्याशी.

मुक्ता, लिमा (६:२०): आत्या, काय बोलायचं ते मला बोल, बेत माझा आहे. परवा आम्ही कुस्कोला निघतोय. ३,४०० मीटर उंची, तिथे पहिले दोन दिवस मी दोघांना थेंबही घेऊ देणार नाही. उद्या बाबांचा उपास. उरली फक्त आजची रात्र. बार्रांकोत एक हॉटेल आहे, तिथे अर्जेंटिना, चिली, उरुग्वे सगळीकडच्या वाईन ग्लासने मिळतात, अख्खी बाटली फोडावी लागत नाही. म्हणून आणलं.

शैलाआत्या: आणि ही पेरूची दारू कशी लागते? आमच्या दारात एवढं झाड आहे, सगळे पोपट खातात.

मुक्ता: आत्या 😂😂 पेरू देशाची! पेरूची नाही. द्राक्षाची आहे.

शैलाआत्या: मग द्राक्षाची दारू म्हणजे वाईनच ना.

मुक्ता: नाही. आधी वाईन करायची, मग ती तांब्याच्या भट्टीत चढवून ऊर्ध्वपातन करायचं. म्हणजे ब्रँडीची चुलत बहीण. पण पेरूचे नियम सोवळ्यातले आहेत. ठरलेल्या आठच जातींची द्राक्षं. भट्टीतून ज्या कडकपणाची उतरेल तशीच बाटलीत भरायची, वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. लाकडी पिंपात ठेवायची नाही. किमान तीन महिने नुसती काचेत किंवा स्टीलमध्ये विसावू द्यायची. त्यामुळे रंग पाण्यासारखा, आणि ३८ ते ४८ टक्के अल्कोहोल.

अनघावहिनी, म्हापसा: आमच्या फेणीसारखीच की. तीही भट्टीची, तीही बिनरंगाची. ह्यांना सांगितलं तर म्हणाले वास कुणाचा जास्त ते विचार.

मुक्ता: वास फेणीचाच जास्त वहिनी, त्यात स्पर्धाच नाही.

विद्याकाकू (६:३१): मला एक सांगायचंय. त्या सारावर जो पांढरा फेस असतो ना, तो कच्च्या अंड्याचा असतो. हे मला ह्यांनी अर्धा ग्लास संपल्यावर सांगितलं.

शैलाआत्या: वहिनी!!! श्रावणात अंडं!

रोहन: एक मिनिट. काकू, श्रावणात दारू चालते आणि अंडं नाही?

विद्याकाकू: द्राक्ष फळ आहे.

रोहन: 🙏 निरुत्तर

मुक्ता: आईला लगेच चिल्कानो मागवून दिलं. पिस्को, जिंजर एल आणि लिंबू, बस. खरं तर अंडं टाळायचं तर चिलीची पद्धतही आहे, ते लोक पिस्को सावरमध्ये सहसा अंडं घालत नाहीत. पण ते इथल्या वेटरला सांगायची माझी हिंमत नाही.

रोहन: कृती टाक ना. अंड्याची.

मुक्ता: तीन भाग पिस्को, एक भाग लिंबाचा रस, एक भाग साखरेचा पाक, एका अंड्याचा पांढरा. आधी बर्फाशिवाय घुसळ, मग बर्फ घालून घुसळ, गाळून ओत. फेसावर अंगोस्तुरा बिटर्सचे (कडू अर्क) तीन थेंब. लिंबू आपलं छोटं कागदी घे, तेच इथल्या लिंबाच्या जवळ जातं. आणि हे पेय लोकप्रिय केलं ते एका अमेरिकनाने. व्हिक्टर मॉरिस. रेल्वेच्या कामाला पेरूत आला आणि १९१६ मध्ये लिमात बार उघडून बसला.

श्रीकाका: मी पण ३५ वर्षं बँकेत उगाच घालवली.

शैलाआत्या: दादा बीपीची गोळी घेतलीस का?

विद्याकाकू: सकाळीच दिली आहे वन्सं. आणि हा एकच ग्लास, पुढचं सगळं घोटघोट चाखायचं असं ठरलंय. मी मोजतेय.

निखिल (६:४४): मुक्ताताई, पिस्को राहू दे, वाईन कुठली घेतली? यादीचा फोटो टाक.

मुक्ता: [फोटो] सुरुवात तोरोंतेसने. अर्जेंटिनाच्या काफायातेची. आईला भयंकर आवडली.

विद्याकाकू: गजऱ्याचा वास येतो. खरंच. मोगऱ्याचा. मला वाटलं सरबतासारखी गोड असेल, तर तोंडात अगदी कोरडी! फसवते ती.

निखिल: काकू, हीच तिची ओळख. मस्कत आणि तिथलं जुनं क्रिओल्या या दोन द्राक्षांच्या संकरातली आहे, वास मस्कतकडून आला. साखर सगळी आंबवण्यात संपते, वास मागे राहतो.

श्रीकाका: दुसऱ्या ग्लासाला ढोबळी मिरचीचा वास येतोय. तक्रार करू का?

निखिल: नका करू काका! चिलीची कार्मेनेअर आहे का?

श्रीकाका: तुला घरबसल्या कसं कळलं?

निखिल: त्या वासावरूनच. हिची गोष्ट भारी आहे. मूळ फ्रान्सच्या बोर्दोतली. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या बागा मुळापासून खाल्ल्या, त्यात ही जवळजवळ नामशेष झाली. पण त्याआधीच तिच्या काड्या चिलीत पोचल्या होत्या, मर्लो नावाच्या दुसऱ्या द्राक्षाच्या काड्यांत मिसळून. तिथे सगळे तिला मर्लोच समजत होते. १९९४ मध्ये बूर्सिको नावाचा फ्रेंच तज्ज्ञ माइपो खोऱ्यात बागेत फिरताना थबकला, म्हणाला ही मर्लो नाहीच, ही कार्मेनेअर. शंभरहून जास्त वर्षं दुसऱ्याच्या नावावर जगली बिचारी.

रोहन: आणि मिरची?

निखिल: ही मर्लोच्या तीन-चार आठवडे उशिरा पिकते. लोक मर्लो समजून मर्लोच्या वेळेला तोडायचे, म्हणजे कच्चीच. कच्च्या द्राक्षातला तो हिरवा वास, ढोबळी मिरचीत असतो तोच. आता उशिरा तोडतात, तरी थोडा राहतोच. थोडा असावा असं माझं मत. अजिबात नसेल तर कार्मेनेअर कशाला प्यायची?

निखिल: चिलीत ती कीड आजवर शिरलेली नाही. एका बाजूला अँडीज, एका बाजूला समुद्र, वर अटाकामाचं वाळवंट. त्यामुळे पुष्कळ वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आम्ही इथे डॉगरिज नावाच्या दुसऱ्या द्राक्षाच्या खुंटावर कलमं करत बसतो.

अनघावहिनी: निखिल सुरू झाला की चहा गार होतो 😄

मुक्ता: निखिल, तुझ्यासाठी सांगते. मार्चमध्ये मी अर्जेंटिनातल्या मेंदोसाला गेले होते, तोडणी चालू होती. माल्बेकच्या बागा. वर्षाला पाऊस फक्त दोनशे मिलिमीटरच्या आसपास, सगळं वाळवंट आहे रे. अँडीजचा बर्फ वितळतो आणि पाटांनी बागेत येतो. ते पाटाचं तंत्र स्पॅनिश येण्याच्या आधीपासूनचं, तिथल्या वार्पे लोकांचं. शहरातसुद्धा फुटपाथच्या कडेने पाट वाहतात, मी रात्री एकात पाय घालून बसले (चुकून).

निखिल: दोनशे! आमच्याकडे एखाद्या आठवड्यात तेवढा होतो. आणि गारपीट?

मुक्ता: होते ना, जोरदार. वेलींवर काळी जाळी लावलेली दिसते मैलोन्‌मैल.

निखिल: बघा. आणि आम्ही गारा पडल्या की पंचनाम्याची वाट बघतो. पण जाळीचा खर्च निघायला बाटलीला तसा भाव यावा लागतो. गंमत म्हणजे ते दक्षिण गोलार्धात, आपण उत्तर गोलार्धात, तरी तोडणी जवळपास एकाच वेळी. त्यांची वेल हिवाळ्यात झोपते. आपली झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरला की गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च वाईनची तोडणी. वर्षातून दोनदा कात्री.

श्रीकाका: माल्बेक पास! दाट जांभळी, करवंदाची आठवण झाली. ह्यानंतर उरुग्वेची तानात आली, ती कच्ची सुपारी चावल्यासारखी. जीभ बसली. ती मुक्ताला दिली.

मुक्ता: ती मटणाबरोबर प्यायची असते बाबा. श्रावणात तानात हा गुन्हाच आहे, दोन्ही बाजूंनी.

दिलीपकाका (७:१२): सुप्रभात. आत्ता उठलो. १०३ मेसेज?? पिस्कोचं कोण म्हणालं पेरूची? ते इतकं सोपं नाही. पेरू आणि चिली यांचं यावरून भांडण थेट आपल्या कोर्टात आलेलं आहे.

रोहन: काका, सकाळी सकाळी थापा नको

दिलीपकाका: थापा नाहीत. पेरूने २००५ मध्ये भारतात 'पिस्को'च्या भौगोलिक मानांकनासाठी, म्हणजे ते नाव फक्त त्यांच्या भागातल्या मालाला मिळावं म्हणून, अर्ज केला. रजिस्ट्रीने नाव दिलं 'पेरुव्हियन पिस्को'. पेरू अपिलात गेला, म्हणाला पिस्को म्हणजे आम्हीच, विशेषण कशाला. २०१८ मध्ये अपील मंडळाने ते मान्य केलं. मग चिलीचे उत्पादक दिल्ली उच्च न्यायालयात. गेल्याच महिन्यात, जुलैमध्ये, न्यायालयाने तो आदेश फिरवला. पेरूचं ते 'पेरुव्हियन पिस्को', आणि चिलीला 'चिलियन पिस्को' म्हणून मागायची वाट मोकळी. एकाच नावाच्या दोन वस्तू असू शकतात, ग्राहकाची फसगत होऊ नये एवढं बघायचं.

श्रीकाका: हे मी इथल्या वेटरला सांगितलं. त्याने माझा ग्लास उचलून नेला.

श्रीकाका: गंमत केली हो. पण चेहरा पडला त्याचा.

मुक्ता: बाबा!! इथे चिलीच्या पिस्कोला पिस्को म्हणतच नाहीत. पिस्को हे लिमाच्या दक्षिणेला असलेलं बंदर आहे, पेरूत, नकाशावर, शेकडो वर्षं. चिलीने १९३६ मध्ये ला उनियोन नावाच्या गावाचं नाव बदलून पिस्को एल्की ठेवलं.

रोहन: म्हणजे आमच्याकडे पण पिस्को आहे म्हणायला गावाचं बारसं 😂

दिलीपकाका: मात्र चिलीने पिस्को नावाबद्दलचा स्वतःचा कायदा १९३१ मध्येच केला होता. मी चिलीचा वकील असतो तर तिथून सुरुवात केली असती.

शैलाआत्या: तुमची कोर्टं होऊ द्या. दादा, नुसतं पिताय की काही खाताय? रिकाम्या पोटी नको.

विद्याकाकू (७:३०): [फोटो] वन्सं, हे बघा. युका म्हणतात. बोटाएवढे तुकडे तळून दिलेत, बरोबर पिवळी मिरची आणि चीजची चटणी. रताळ्यासारखं, पण जास्त खुसखुशीत.

शैलाआत्या: छान दिसतंय. मी इकडे साबुदाणा भिजवलाय.

मुक्ता: आत्या, युका म्हणजेच साबुदाण्याचा कंद! कसावा. मूळचा इथलाच, दक्षिण अमेरिकेचा.

शैलाआत्या: काहीतरीच.

निखिल: खरं आहे आत्या. आणि खिचडीतला बटाटा अँडीजमधला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, हिरवी मिरचीही अमेरिकेतूनच आली. तुमच्या उपासाच्या ताटात आपलं म्हणाल तर जिरं आणि तूप. जिरंही तसं बाहेरचंच.

श्रीकाका: म्हणजे शैला, तुझा उपास आणि माझा चखणा एकाच कंदाचे!

शैलाआत्या: तूप तरी आपलं आहे ना. बास मग.

अनघावहिनी: काजू पण ब्राझीलचा हो. पोर्तुगीजांनी आणला, आणि आम्ही त्याची फेणी करून २००९ मध्ये मानांकनसुद्धा मिळवलं. मुक्ता, तिथे काइपिरिन्या मिळते का? मी घरी फेणी घालून करते.

मुक्ता: मिळते वहिनी, शेजारच्या टेबलावर तीच चाललीय. लिंबाच्या फोडी साखरेबरोबर ग्लासातच चेचायच्या, बर्फ, वर काशासा. रम बहुतेक मळीपासून करतात, काशासा ताज्या उसाच्या रसाची.

रोहन: कोल्हापूरच्या गुऱ्हाळांना कुणी सांगू नका

दिलीपकाका: रोहन, तू तेवीसचा. महाराष्ट्रात वाईन-बिअरला २१, कडक दारूला २५. काइपिरिन्या तुला अजून दोन वर्षांनी.

रोहन: मी बंगळुरात आहे काका 😇

विद्याकाकू (७:५१): बिल आलं. एक सोल म्हणजे चोवीस-पंचवीस रुपये. मी गुणाकार करायचं थांबवलंय. शेवटी मी चिचा मोरादा घेतली, जांभळ्या मक्याची, दालचिनी-लवंग आणि अननसाची सालं घालून उकळलेली. दारू अजिबात नाही. खरं सांगू, सगळ्यात तीच आवडली. तोरोंतेसच्या खालोखाल.

शैलाआत्या: आता उद्या तरी नीट उपास कर दादा. चंद्र बघूनच सोड.

मुक्ता: आत्या, तिथेच अडचण आहे. लिमाला हिवाळाभर ढगाचं झाकण असतं, आणि गारुआ म्हणजे बारीक भुरभुर. धड पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं करडं. जूनपासून मी चंद्र पाहिलेला नाही.

शैलाआत्या: दिसला नाही तर पंचांगातली वेळ धरायची.

श्रीकाका: पंचांग आपल्या घरचं, पुण्याचं आहे.

शैलाआत्या: मग पुण्याची वेळ धर. सव्वानऊला इथे चंद्र उगवला की मी मेसेज टाकते.

श्रीकाका: तुझे रात्रीचे सव्वानऊ म्हणजे आमचे सकाळचे पावणेअकरा. मंजूर!

शैलाआत्या: दादा, थांब. ते नाही चालणार.

श्रीकाका: मंजूर झालं. दिलीप, नोंद घे.

दिलीपकाका: घेतली.