काळ्या मातीत गुलाब टिकेनात, कुठं चुकतंय?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी, घर सांगलीत विश्रामबागला, मागं छोटी मोकळी जागा हाय, आईला तिथं गुलाबच पाहिजेत म्हणून जूनमध्ये नर्सरीतून ६ रोपं आणली. दोन ग्लॅडिएटर, एक डबल डिलाइट (नर्सरीवाल्याच्या म्हणण्यानुसार), बाकी पिवळे केशरी. दीड फुटाचे खड्डे काढले, शेणखत घातलं, पिशवी फाडून गोळा तसाच ठेवला. पहिले पंधरा दिवस एक नंबर, लाल लाल पालवी फुटली. मग जुलैत झड लागली आणि एकेकाची पानं पिवळी पडून गळायला लागली, फांद्या शेंड्याकडनं काळ्या पडत खाली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून उघडीप मिळाली की वरनं अजून एकेक बादली. चार गेले. एक कसंबसं जिवंत हाय, आणि एक मात्र जोरात सुटलंय, बुडातनं ५ फुटाची फांदी निघालीय, फूल एक पण नाही. त्याच्याकडं बघूनच जीवात जीव हाय. आता परत लावायचे तर काय करू?

द्राक्षवाला_तासगाव
भावा झड चालू असताना वरनं बादली 😂 बुडवून मारलास की रे त्यांना. आपली काळी माती पाणी सोडत नाही, त्यात खड्डा काढला म्हणजे तू जमिनीत बादली पुरलीस, चारी बाजूंचं पाणी त्यातच येऊन बसतं, मुळांना हवा नाही, मुळी कुजली. वरनं झाड तहानल्यासारखंच दिसतं, तिथंच माणूस फसतो.

आणि ते ५ फुटाचं जोरात सुटलंय म्हणतोयस ना, वाईट वाटून घेऊ नको पण तो तू आणलेला गुलाब नाही, खुंट हाय, म्हणजे कलमाच्या खालचं जंगली झाड. द्राक्षबागेत आम्ही डॉगरिज या जंगली द्राक्षाच्या खुंटावर काडी भरतो तसंच गुलाबाचं, खाली जंगली खुंट आणि वर चांगल्या गुलाबाचा डोळा भरलेला. बुडाजवळ गाठ दिसंल, त्या गाठीच्या खालनं जी फूट येती ती सगळी जेवण खाती आणि वरचं कलम उपाशी. माती उकरून जिथनं निघालीय तिथनंच ओढून काढ, वरनं कापलीस तर दुप्पट येईल. परत लावताना गाठ मातीच्या दोन बोटं वर ठेव.

काळी पडलेली फांदी हिरव्या भागापर्यंत खाली येऊन काप आणि कापलेल्या जागी बुरशी रोखायला बोर्डो पेस्ट लाव. मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर, प्लास्टिकच्या डब्यात कर, लोखंडी नको.

मिरजेची_काकू
बाळा, मी पण अशीच पहिल्या वर्षी पाच झाडं घालवली होती. माझं ऐक, खड्ड्याच्या नादी लागू नकोस, उलट कर. जमिनीच्या वर फूट सव्वा फूट उंच गादी कर, आपली माती थोडी, तांबडी माती आणि जाड वाळू जास्त, चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. दोन झाडांत अडीच फूट सोड, दाटी केलीस की भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आलीच म्हणून समज. ऊन सकाळचं पाच सहा तास पाहिजेच, कंपाउंडच्या सावलीत नुसती पानं येतात.

दुसरं म्हणजे नर्सरीचा तो लाल मातीचा गोळा. तो इतका घट्ट असतो की मुळं त्यातनं बाहेरच पडत नाहीत. लावायच्या आधी बादलीत अर्धा तास भिजव आणि हलक्या हाताने कडेची माती मोकळी कर, पण मुळं तोडू नकोस. उन्हाळ्यात वरनं उसाचं पाचट अंथर, आपल्याकडं फुकट मिळतं, पावसाळ्यात मात्र काढून टाक नाहीतर गोगलगायी माहेरपणाला येतात.

आमच्या बहिणीचं घर सांगलीच्या गावभागात, २०१९ च्या कृष्णेच्या पुरात तिची जमिनीतली सगळी झाडं गेली, गच्चीवरच्या कुंडीतले दोन गुलाब तेवढे राहिले, तेव्हापासून ती जमिनीत लावतच नाही.

सातारी_कंदी
आमच्याकडं डोंगराकडेची तांबडी माती, काडी खोचली तरी फुटते, या भाऊ साताऱ्याला 😜 जोक अपार्ट, अंड्याची टरफलं घाला, कॅल्शियम मिळतं.

द्राक्षवाला_तासगाव
@सातारी_कंदी तुमच्याकडं घाला, इकडं नको. आमच्या मातीत चुनखडी आधीच ढीगभर, त्यामुळंच नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी होतात, लोह असून झाडाला उचलता येत नाही. त्यात बोअरचं जड पाणी. जमलं तर पावसाचं पाणी साठवून दे, आणि असं पिवळं दिसलं तर चिलेटेड फेरसची, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा लोहाची, फवारणी कर. भुरी आली तर ८० टक्केवालं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण कडक उन्हात मारू नको, पानं करपतात. आणि आता घाई नको, पाऊस संपू दे, ऑक्टोबरात लाव. जुन्या झाडाची छाटणी पण तेव्हाच, आमच्या बागेबरोबर, दीड महिन्यात फूल.

विश्रामबागकर
खुंट काढला. आई म्हणाली एकुलतं एक वाढलेलं ते पण उपटलंस. काल संध्याकाळी एका रिकाम्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून ठेवलं, आज सकाळी आठला बघतोय तर वीतभर पाणी तसंच आणि शेजारच्या आजी कंपाउंडवरनं विचारतायत, विहीर काढलीस काय रं. काकू, ती जाड वाळू बांधकामाची चालते का वेगळी आणायची?

मिरजेची_काकू
बांधकामाचीच, फक्त चाळून वरची जाड घे, बारीक घेऊ नकोस.