मदत हवी आहे: ई-स्कूटरच्या कामाचा परिणाम मोजायचा कसा?

मंडळी, कुर्ला-धारावीतल्या डिलिव्हरीवाल्या मुलांना इलेक्ट्रिक स्कूटरकडे वळवणाऱ्या एका छोट्या संस्थेचा अनुदान-अहवाल माझ्याकडे आलाय. देणगीदार विचारतात, तुमच्यामुळे नेमका किती फरक पडला? सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली अशी आरटीओवार नोंदणी मिळते. पण वाढ आमची की सबसिडीची? त्यात जून २०२३ मध्ये केंद्राच्या फेम-२ या ई-वाहन योजनेची सबसिडी घटली, राज्याचं २०२१चं ई-वाहन धोरण आणखी वेगळं. संस्थेच्या शिबिरांना आलेली डोकी मोजणं मला तरी फसवं वाटतं. वीजही बरीचशी कोळशाचीच, म्हणजे पेट्रोल वाचून टळलेल्या प्रदूषणातून तिचं प्रदूषण वजा करायला हवं. शिबिराला न आलेल्या मुलांशी तुलना करायची, तर तो गट निवडायचा कसा? किलोमीटर ॲपवरून घ्यावेत की मीटरवरून? कुणाकडे तयार प्रश्नावली असेल तर पाठवाल का?