सल्ला हवा: डिस्क भरली, वाचनालयाचा सर्व्हर सुरू होत नाही

रामबाग_इंदूर
नमस्कार मंडळी. इथल्या एका मराठी वाचनालयाचं संगणकाचं काम मी फावल्या वेळात बघतो. उबुंटू २२.०४, २४० जीबीची एसएसडी, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये पुस्तकांची यादी आणि शेजारी जुन्या मोडी कागदपत्रांचे स्कॅन. आज सकाळी यादी उघडेना म्हणून मशीन रीबूट केलं. काळ्या पडद्यावर लॉगिन होतंय, पण मायएसक्यूएल उठत नाही. डिस्कवरची जागा दाखवणारी 'डीएफ -एच' आज्ञा म्हणते १००%, उपलब्ध शून्य. हार्डवेअरवाले म्हणाले, फॉरमॅट करून नवीन टाका. स्कॅन करायला आम्हाला दोन वर्षं लागलीत हो. काय करू? नवी डिस्क घेऊ का?

दांडियाबाजार_बडोदे
फॉरमॅट अजिबात नको. डिस्क भरली आहे, बिघडलेली नाही. डेटाबेसला लिहायला जागा मिळत नाही म्हणून तो उठत नाही, एवढंच.

आधी काय काढायचं नाही ते सांगतो. '/व्हार/लिब/मायएसक्यूएल'मध्ये हाताने काहीही पुसू नका. तिथल्या बिनलॉगच्या (बदलांच्या नोंदींच्या) फाइली मोठ्या दिसतात, मोह होतो. पण त्या डेटाबेस सुरू झाल्यावर त्याच्याच 'पर्ज बायनरी लॉग्ज' आज्ञेने काढायच्या असतात. 'आयबीडेटा१' ही डेटाबेसची मुख्य फाइल तर प्राण आहे, त्याला हात नाही.

बिनधोक जागा दोन: उतरवलेली पॅकेजेस काढणारं 'एप्ट क्लीन', आणि जुने लॉग छाटणारं 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम'. करून बघा.

रामबाग_इंदूर
केलं काका. ३ जीबी निघाले. वापरलेली जागा २१९ वरून २१६ वर आली, पण उपलब्ध अजून शून्यच! हे कसं?

लष्कर_ग्वाल्हेर
घाबरू नका, हिशेब बरोबर आहे. ईएक्सटी४ फाइलसिस्टिम ठरीव म्हणून ५% जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य प्रशासक खात्यासाठी, राखून ठेवते. तुमच्या डिस्कवर ती साधारण ११ जीबी. रूटच्या नावाने चालणाऱ्या कशाने तरी ती राखीव जागाही खाल्लीय. आता मोकळी होणारी जागा आधी तो खड्डा भरते, त्यानंतर इतरांना दिसते. मायएसक्यूएल रूट म्हणून चालत नाही, त्याला शून्यच मिळणार.

म्हणजे शोधायचं ते रूटचं काम. फाइलींची जागा मोजणाऱ्या 'डीयू -एक्सएच /' ची बेरीज किती येते? आणि 'डीएफ -आय'ही बघून घ्या, आयनोड (फाइलींच्या नोंदीचे रकाने) संपले तरी नवीन काही लिहिता येत नाही.

रामबाग_इंदूर
आयनोड ९% फक्त. डीयूची बेरीज १२८ जीबी. डीएफ २१६ म्हणतंय. ८८ जीबी गेले कुठे?

लष्कर_ग्वाल्हेर
पुसलेली पण कुणीतरी उघडी धरलेली फाइल असली की असा फरक पडतो. पण तुम्ही रीबूट केलंय, ती शक्यता संपली. रोजचा बॅकअप कुठे घेता?

रामबाग_इंदूर
यूएसबी डिस्कवर, '/एमएनटी/बॅकअप'. रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय), रूटकडूनच. सुमारे ८ जीबी रोज. मागच्या पंधरवड्यात पावसात लाइट गेली होती, तेव्हाही मशीन बंद पडून परत सुरू झालं होतं.

लष्कर_ग्वाल्हेर
सापडलं बहुतेक. लाइट आल्यावर यूएसबी डिस्क जोडली गेली नसणार, पण तो फोल्डर तर मूळ डिस्कवर असतोच. स्क्रिप्टने रोज बॅकअप त्यातच टाकला. आज रीबूटला डिस्क जोडली गेली आणि त्या फाइली तिच्याखाली झाकल्या गेल्या. डीयूला त्या दिसत नाहीत, डीएफ मात्र मोजतं. ८८ भागिले ८, अकरा रात्री.

'/एमएनटी/मूळ' असा रिकामा फोल्डर करा, 'माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ' द्या, म्हणजे मूळ डिस्क तिथे झाकणाविना दिसेल, आणि '/एमएनटी/मूळ/एमएनटी/बॅकअप' उघडा.

रामबाग_इंदूर
अकराच्या अकरा बॅकअप तिथे आहेत! यूएसबी डिस्कवरची शेवटची तारीखही लाइट गेली त्याच्या आदल्या रात्रीची. पुसू का?

दांडियाबाजार_बडोदे
थांबा. सर्वांत नवे दोन आधी यूएसबी डिस्कवर कॉपी करा, उघडून बघा, मग पुसा. शेवटचा अर्धवट असू शकतो, जागा त्याच रात्री संपली असेल.

रामबाग_इंदूर
शेवटचा अर्धवटच निघाला, त्याआधीचे दोन नीट उघडले आणि कॉपी केले. बाकीचे काढले. मायएसक्यूएल उठलं, क्रॅश रिकव्हरी त्याने स्वतः केली. यादी उघडली, स्कॅन सगळे जागेवर. सकाळपासून जेवलो नव्हतो. तुम्हा दोघांचे फार आभार. आता नवी डिस्क?

लष्कर_ग्वाल्हेर
१२८ जीबीच वापरात आहेत, आज गरज नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'माउंटपॉइंट -क्यू' तपासणी घाला: डिस्क जोडलेली नसेल तर संदेश छापून काम थांबवायचं; मशीनवर मेलची सोय असेल तर क्रॉन तो संदेश तुम्हाला मेल करेल. शिवाय यूएसबी डिस्क काढून रिकाम्या फोल्डरला 'सीएचएटीटीआर +आय' लावा, मग रूटलाही तिथे लिहिता येणार नाही. पैसे खर्चायचेच तर छोटा यूपीएस घ्या.

दांडियाबाजार_बडोदे
आणि स्कॅनसाठी दुसरी बॅकअप डिस्क. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये मिळेल. ती वाचनालयात ठेवू नका, कुणाच्या तरी घरी ठेवा.

रामबाग_इंदूर
तपासणी घातली. आज रात्री यूएसबी डिस्क मुद्दाम काढून ठेवतो, मेल येतो का ते उद्या इथेच सांगतो.