हिवाळाभर सायकल घरातच: १८० किमीची तयारी होते का?

निळीवाट

नमस्कार मंडळी. जूनमध्ये पूर्ण अंतराची ट्रायथलॉन करायचं ठरवलंय. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि त्यावर ४२.२ किमी धावणं. निम्म्या अंतराची गेल्या वर्षी झाली आहे, त्यामुळे पोहण्याची आणि धावण्याची तितकी धास्ती वाटत नाही. काळजी आहे ती सायकलची.

कामावरून घरी येईपर्यंत अंधार पडलेला असतो. सकाळी रस्ते ओले आणि धुकं दाट. अंधारात एकटीने मोठ्या रस्त्याला जायचं नाही हे माझं ठरलंय, त्यामुळे मार्चपर्यंत सगळी सायकल घरातच. मागचं चाक काढून बसवायचा डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचं यंत्र) आहे. सायकलला एअरो बार, म्हणजे पुढे वाकून कोपरं टेकवायचे दांडे, लावलेले आहेत. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ, एवढा वेळ सायकलला नक्की देता येतो.

बाहेरची एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी ताकद, १६५ वॉट होती. ट्रेनरवर रॅम्प टेस्ट (थोडे थोडे वॉट वाढवत पाय थकेपर्यंत चालवायची चाचणी) केली तर १५२ आली. ती टेस्ट बिघडली असेल असं धरून मी १६५ च्याच हिशोबाने चालवतेय. १२० वॉटवर सुरुवातीला ठोके १३५ असतात, दीड तासाने तेवढ्याच वॉटला १५५ वर जातात. हे काय होतंय? शिवाय तासाभरात बसायची जागा बधिर होते. इर्ग मोडमध्ये, म्हणजे ट्रेनर ठरवलेले वॉट स्वतःच धरून ठेवतो तेव्हा, जरा पाय मंदावले की पेडल इतकं जड होत जातं की शेवटी थांबावंच लागतं. आणि सगळ्यात मोठा प्रश्न: रविवारी चार-पाच तास ट्रेनरवर बसल्याशिवाय १८० किमी जमणार नाही असं दोघातिघांनी सांगितलं. खरंच तसं आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

उलटावारा

आधी पंखा. बाकीचं सगळं नंतर. घरातला साधा टेबलफॅन कोपऱ्यात ठेवून भागत नाही. मोठा, जोराचा पंखा समोरून छातीवर आणि चेहऱ्यावर यायला हवा. दुसरा मिळाला तर पाठीमागून. खिडकी उघडी ठेवा. सुरुवातीला कुडकुडलात तर वेळ बरोबर साधली म्हणायची.

दूरपल्ला

निळीवाट, तुमच्या प्रश्नातच बरीचशी उत्तरं आहेत, फक्त ती एकत्र ठेवून बघायला हवीत. माझी नोकरी पाळीची आहे. थंडीच्या महिन्यांत माझी जवळजवळ सगळी सायकल घरातच होते आणि पूर्ण अंतराच्या शर्यती मी याच तयारीवर केल्या आहेत. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पहिलं म्हणजे ती १५२ वॉटची टेस्ट बिघडलेली नाही. घरात बहुतेकांचा आकडा बाहेरपेक्षा कमीच येतो. गरम होतं, सायकल जागेवर जखडलेली असते, आणि ट्रेनर नि रस्त्यावरचं पॉवरमीटर यांच्या मोजणीतही फरक असतो. घरात घरचा आकडा वापरा. १२० वॉट म्हणजे १६५ चे साधारण ७३ टक्के, पण १५२ चे ७९ टक्के. तुम्हाला वाटतंय आपण शर्यतीच्या वेगाने आरामात चाललोय, पण तुमचं शरीर त्याहून वरच्या पायरीवर काम करतंय. दीड तास ते तसं करतंय हीच चांगली गोष्ट आहे.

ठोके चढण्याचं दुसरं कारण उष्णता, आणि उलटावारा यांनी ते नेमकं धरलंय. आपण जी ऊर्जा जाळतो तिच्यातली जेमतेम वीस ते पंचवीस टक्के पेडलपर्यंत पोचते, उरलेली सगळी उष्णता होते. म्हणजे तुम्ही १२० वॉट काढता तेव्हा साधारण चारशे वॉट उष्णता शरीराला बाहेर टाकायची असते. रस्त्यावर ताशी २८-३० किमीचा वारा ते काम फुकटात करतो. बंद खोलीत घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि न वाळलेला घाम थंडावा देत नाही. मग रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, प्रत्येक ठोक्याला हृदय आधीपेक्षा कमी रक्त ढकलतं आणि ती कसर ठोके वाढवून भरून काढतं. तुमचा दम कमी पडतोय असा त्याचा अर्थ काढू नका. राइडच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. मधे प्यायलेलं पाणी धरून एक किलो घटलं तर एक लिटर घाम गेला असं समजायचं. पंखा लावून आणि न लावता एकदा ताडून बघा, फरक स्वतःच्या डोळ्यांना दिसेल.

इर्ग मोडबद्दल. वॉट म्हणजे जोर गुणिले केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे). ट्रेनर वॉट धरून ठेवतो, त्यामुळे तुमची केडन्स ९० वरून ६० वर आली तर तो तेवढ्याच वॉटसाठी दीडपट जोर मागतो. पाय आणखी मंदावतात, तो आणखी मागतो. पेडल जड व्हायला लागल्याची चाहूल लागली की दोन-चार सेकंद जोर न लावता पाय भराभर फिरवा, केडन्स ९५ ला न्या आणि मग बसा. तरीही अडकलात तर इर्ग बंद करा, श्वास घ्या, पुन्हा लावा. लांब सलग सेटला इर्ग उत्तम. छोट्या, जोराच्या इंटरव्हलला मी तो बंदच ठेवतो, कारण ट्रेनरला वॉट वर-खाली न्यायला वेळ लागतो आणि वीस-तीस सेकंदांच्या कामात तेवढा वेळ वाया जातो. आणखी एक, इर्गमध्येसुद्धा पुढची मोठी चकती वापरा. फ्लायव्हील, म्हणजे ट्रेनरमधलं जड चाक, वेगात फिरतं आणि सपाट रस्त्यावर एअरोमध्ये चालल्यासारखं पायाला लागतं. छोट्या चकतीवर चढासारखं लागतं. दोन्हींचा उपयोग आहे, पण तुम्हाला १८० किमी एअरोत काढायचे आहेत.

आता पाच तासांचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: डिसेंबर-जानेवारीत ट्रेनरवर पाच तास बसू नका. बाहेरची एखादी लांब राइडची फाइल उघडा आणि त्यात केडन्स शून्य असलेला वेळ किती आहे ते बघा. उतार, वळणं, सिग्नल, बाटली काढताना थांबलेले पाय. हे सगळं बेरजेत धरलं की कळतं, त्या तासांतला बराच भाग आपण पेडल मारतच नव्हतो. ट्रेनरवर तशी एक मिनिटाचीही सूट नाही. घरातले अडीच तास सलग अडीच तास असतात. त्यांची किंमत घड्याळापेक्षा जास्त आहे.

थंडीत तुमच्याकडे लांबी नाही, पण शांतता आहे. गाड्या नाहीत, खड्डे नाहीत. तेव्हा जे बाहेर नीट करता येत नाही ते इथे करा. एका संध्याकाळी १२-१२ मिनिटांचे तीन सेट, १३५ ते १४० वॉटच्या दरम्यान, मधे चार मिनिटं हलकं. दर आठवड्याला थोडं वाढवत तेच २०-२० मिनिटांपर्यंत न्या. दुसऱ्या संध्याकाळी तीन-तीन मिनिटांचे पाच, १७५ च्या आसपास, मधे तितकीच विश्रांती. हे दमवणारं आहे, त्याच्या दुसऱ्या दिवशी धावायचं अवघड काम ठेवू नका. रविवारी दोन तासांपासून सुरू करून अडीच-पावणेतीनपर्यंत, आणि त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन तुकडे १०५ ते ११० वॉटवर, पूर्ण एअरोमध्ये. मान खाली, कोपरं टेकलेली, खांदे सैल. मान आणि कंबर कुठे कुरकुर करतात ते या तीन तुकड्यांत कळतं, आणि जानेवारीत कळलं तर दुरुस्तीला वेळ हाताशी राहतो. दर चौथ्या आठवड्यात सगळंच कमी करा.

रविवारच्या राइडनंतर बूट बदलून लगेच पंधरा मिनिटं धावा. हळूच. पाय परके वाटतात ते किती वेळाने आपले होतात, एवढंच बघायचं.

सुकाणू

बधिर होण्याबद्दल लिहिते, कारण बायका हे बोलत नाहीत आणि सहन करत राहतात. निळीवाट, बधिरपणा सोसायचा नसतो. नस नाहीतर रक्तवाहिनी दाबली जातेय असं शरीर सांगतंय. रस्त्यावर सायकल आपल्याखाली जराजरा डुलते, त्यामुळे भार सरकत राहतो. ट्रेनरवर मागचा सांगाडा पकडलेला असतो आणि भार एकाच ठिकाणी पडत राहतो. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पेडल मारा, घड्याळाला गजर लावा. पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून सायकल समतल आहे ना ते लेव्हल लावून तपासा, नुसत्या नजरेवर जाऊ नका.

एअरोमध्ये कमरेचा खुबा पुढे झुकतो, म्हणून सॅडलचं टोक नेमकं नाजूक जागी टेकतं. पुढून दुभंगलेलं, आखूड नाकाचं सॅडल याच्यासाठीच असतं. मला त्याने खूप फरक पडला. सॅडलची उंचीसुद्धा बघा. जास्त उंच असेल तर पेडल खाली गेलं की कंबर डावी-उजवीकडे घसरते आणि घासतं. मागे मोबाइल ठेवून व्हिडिओ घ्या, लगेच दिसेल. राइड संपली की ओली शॉर्ट्स ताबडतोब बदला. गळवं होतात ती बहुतेक त्या ओल्या कपड्यांत बसून राहिल्याने.

पहाटपाळी

दूरपल्ला यांच्याशी बरंचसं सहमत, पण पाच तासांबद्दल नाही. कॅनडाचा व्यावसायिक ट्रायथलॉनपटू लायनेल सँडर्स कित्येक वर्षं बहुतांश सायकल घरातल्या ट्रेनरवरच करत आला आणि २०१७ साली हवाईतल्या कोनाच्या, पूर्ण अंतराच्या आयर्नमॅन जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दुसरा आला. सलग बसून राहण्याची मनाची तयारी ट्रेनरवरच होते. शर्यतीत पाचव्या तासाला जे डोक्यात सुरू होतं त्याची ओळख आधी व्हायला हवी. मी महिन्यातून एकदा तरी चार तास करतोच आणि मला त्याचा उपयोग झालाय.

निळीवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. १६५ आणि १५२ चा हिशोब वाचून जीव भांड्यात पडला, मला वाटत होतं माझंच काहीतरी बिघडलंय. व्हिडिओ काढला, सुकाणूताई, कंबर खरंच घसरतेय. आज सॅडल थोडं खाली घेते.

दोन शंका उरल्या. घरात राइड करताना खायचं किती? स्वयंपाकघर शेजारीच आहे, म्हणून मी नंतरच खाते. आणि शर्यत उन्हात असणार, तर आत्ता पंखा बंद ठेवून गरमीची सवय करावी का?

दूरपल्ला

पहाटपाळी, सँडर्सचं उदाहरण खरं आहे, पण त्याचं कामच ते आहे. तो दुपारी झोपू शकतो. निळीवाट सोमवारी कामावर जाणार आहेत. चार तासांनंतरचा मंगळवारचा सेट जर मोडणार असेल तर ते चार तास महागात पडले. मनाच्या तयारीचं म्हणणं मात्र मला पटतं. मार्चमध्ये, उजेड वाढायच्या आत, एखादी साडेतीन-चार तासांची जरूर करा. दर आठवड्याला नको.

खाणं. नंतर नको, राइडमध्येच. आतड्यालाही सराव लागतो, आणि पायांइतकाच लागतो. रविवारी तासाला ४० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरू करा, हळूहळू ६० वर न्या. नुसतं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच शोषलं जातं, कारण ते आत नेणारी वाट तेवढ्यावर भरते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. म्हणून दोन्ही एकत्र घेतलं तर सरावाने ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. घरातली साखर ही निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोजच असते, त्यामुळे मोजून घातलेली साखर, पाणी आणि चिमूटभर मीठ एवढ्यावर सरावाच्या बाटल्या छान चालतात. शर्यतीत जे घेणार आहात तेही शेवटच्या दोन महिन्यांत घेऊन बघा. स्वयंपाकघर कितीही जवळ असलं तरी उतरायचं नाही. सगळं हाताशी मांडून ठेवा आणि एअरोमधूनच उचला. एका हाताने बाटली काढून परत ठेवणं तिथेच शिकून घ्या.

पंखा आत्ता बंद ठेवू नका. उन्हाची सवय साधारण दहा ते चौदा दिवसांत बसते आणि सोडली की काही आठवड्यांत उतरते. जानेवारीत कमावलेली जूनपर्यंत टिकणार नाही. शिवाय गरमीत वॉट पडतात, म्हणजे आत्ताचं खरं काम बुडेल. शर्यतीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत हलक्या राइड पंख्याशिवाय करा, पाणी भरपूर ठेवा, चक्कर आली किंवा अंगावर काटा आला तर तिथेच थांबा.

घामाचं एक राहिलं. तो स्टेमच्या आणि हेडसेटच्या बोल्टांवर ठिबकतो, हँडलच्या टेपखाली मुरतो आणि ॲल्युमिनियम आतून खातो. वरून काही दिसत नाही. टॉवेल स्टेमपासून वरच्या नळीवर पसरून ठेवा, राइड झाली की ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. मार्चमध्ये बाहेर काढण्याआधी टेप सोडून हँडल बघा आणि एअरो बारचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा.

आणि एखाद्या रविवारी दुपारी रस्ते कोरडे असतील, ऊन पडलं असेल, तर सगळा बेत बाजूला ठेवून तासभर तरी बाहेर जा. वळणं, ब्रेक, आडवा वारा, एअरोत असताना मागे वळून बघणं, हे कुठलाही ट्रेनर शिकवत नाही. सॅडल खाली घेताना एका वेळी तीन-चार मिलिमीटरच घ्या आणि जुन्या उंचीला टेपची खूण करून ठेवा. दोन राइड झाल्या की कसं वाटतंय ते इथे लिहा. आणि रॅम्प टेस्ट सहा आठवड्यांनी पुन्हा करा, त्याच खोलीत, तोच पंखा लावून, दहा मिनिटं वॉर्मअप करून ट्रेनरचं कॅलिब्रेशन झाल्यावर.